प्राचीन इजिप्तमधली लाकडी शिल्पे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इजिप्त म्हटले की दगडच आठवतो. तिथे लाकडाची शिल्पेही होती का?

होती, आणि भरपूर होती. पिरॅमिड आणि रामसेसचे अवाढव्य पुतळे उघड्यावर उभे असल्याने सगळ्यांच्या नजरेत भरले. लाकडी मूर्ती मात्र बहुतेक कबरींच्या आत ठेवलेल्या असत, त्यामुळे त्या उशिरा सापडल्या आणि छायाचित्रांतही कमी आल्या. माझे मत विचाराल तर इजिप्तचा हाडामांसाचा माणूस ग्रॅनाइटपेक्षा लाकडातच जास्त भेटतो. दगडी पुतळ्यात हात अंगाला चिकटलेले असतात, पाठीला आधाराचा खांब असतो आणि दोन पायांमधला दगडही तसाच ठेवलेला असतो. लाकडी माणसाचे तसे नाही. त्याचे हात मोकळे असतात, तो पाऊल पुढे टाकून उभा असतो आणि त्याच्या हातात खरी काठी देता येते.

ही मोकळीक कुठून आली, याचे उत्तर पुढच्या दोन प्रश्नांत आहे. गंमत अशी की ती बरीचशी चांगल्या लाकडाच्या टंचाईतून आली.

वाळवंटात एवढे लाकूड मिळत होते कुठून?

नाईलच्या काठाने झाडे होती, पण मोठ्या कामाला उपयोगी पडतील अशी थोडीच. यांतली बहुतेक झाडे किंवा त्यांचे भाऊबंद आपल्याकडे आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला ही यादी परकी वाटू नये.

सर्वांत जास्त वापर सायकमोरचा. हे उंबराच्याच कुळातले झाड, फळेही उंबरासारखीच खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतात. लाकूड हलके आणि भरड. कोरायला सोपे, पण कीड लवकर लागते. दुसरी बाभूळ, म्हणजे आपली बाभूळच. तिच्या शास्त्रीय नावात ‘निलोटिका’, म्हणजे नाईलकाठची, असा शब्द आहे. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकांना आणि नांगराला जे लाकूड वापरले, त्याच जातीच्या लाकडाच्या तिकडे नावा, शवपेट्या आणि मूर्ती झाल्या. ते कठीण आणि टिकाऊ असते, पण खोड वाकडेतिकडे, त्यामुळे लांब सरळ फळी निघत नाही. याशिवाय झाऊ आणि बोरीच्या जातीचे एक झाड होते.

उंची लाकूड बाहेरून येई. लेबनॉनच्या डोंगरातला सीडर हा हिमालयातल्या देवदाराचा चुलतभाऊ. तो बिब्लॉस बंदरातून समुद्रमार्गे येत असे. पालेर्मो शिळा नावाच्या राजनोंदीत स्नेफेरू राजाच्या काळात अशा लाकडाची 40 जहाजे आल्याची नोंद आहे, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड बांधला जाण्याच्याही आधी. दक्षिणेकडून, नुबिया आणि त्याच्या पलीकडच्या प्रदेशातून, काळे लाकूड येई. ते शिसवाच्या कुळातले. छोट्या, नाजूक आणि महागड्या मूर्तींसाठी ते राखून ठेवत.

लाकडासाठी काय काय सोसावे लागे, हे वाचायचे असेल तर वेनामूनची हकिगत पाहा. अमून देवाच्या नौकेसाठी सीडर आणायला निघालेला हा अधिकारी वाटेत लुटला जातो आणि बिब्लॉसचा राजा त्याला ताटकळत ठेवून रोख मोबदला मागतो. ती कथा की खरा अहवाल, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्यातला अपमान काल्पनिक वाटत नाही.

मूर्ती एका ओंडक्यातून कोरत असत का?

लहान असेल तर हो. मोठी मूर्ती मात्र जोडकामाचीच. धड आणि डोके एका लाकडात, हात वेगळे, कधी कधी एकच हात दोन तुकड्यांत, आणि पावलांचा पुढचा भागही वेगळा. एका तुकड्याला कुसू, दुसऱ्याला खाच, आणि वरून लाकडी खुंटी ठोकून पक्के केलेले. फटी आणि गाठी लेपाने भरून काढत.

मोकळीक आली ती इथून. हात वेगळा कोरून खांद्यात बसवायचा असेल, तर तो कोपरात वाकवून पुढे काढायला किंवा डोक्यावरच्या टोपलीपर्यंत न्यायला वेगळा त्रास पडत नाही. दगडात हेच करायचे म्हणजे महिनोन्‌महिन्यांची घडाई आणि शेवटी हात मोडण्याची धास्ती. लाकडाचे मोठे तुकडे मिळाले नाहीत म्हणून कारागीर जोड द्यायला शिकला, आणि जोड देता येऊ लागल्यावर मूर्तीची ठेवणच बदलली.

अवजारे कोणती होती?

मुख्य अवजार वाकस, म्हणजे आडव्या पात्याचे लाकूड तासायचे हत्यार. त्याखेरीज पटाशी, लाकडी मोगरी, धनुष्याच्या दोरीने फिरवायचे गिरमिट आणि ओढून कापायची करवत. पाती तांब्याची, नंतर काशाची. फळी चिरताना ती उभ्या खांबाला बांधून वरून खाली कापत. रंधा नव्हता, पृष्ठभाग वालुकाश्माच्या तुकड्यांनी घासून गुळगुळीत करत.

वाकसाला तर धर्मातही जागा मिळाली. मूर्ती किंवा ममी ‘जिवंत’ करण्यासाठी जो ‘मुख उघडण्याचा’ विधी होई, त्यात पुरोहित वाकसाच्या आकाराचे उपकरण तोंडाला लावत असे. त्यानंतर मूर्ती खाऊ, बोलू आणि श्वास घेऊ शकते अशी श्रद्धा होती. सुताराच्या हातातले हत्यार विधीत आले, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. मूर्तीला तोंड त्यानेच दिलेले असते.

मूर्ती रंगवलेल्या होत्या का? आज तर तपकिरी लाकूडच दिसते.

जवळपास सगळ्या रंगवलेल्या होत्या. लाकडावर खडूची किंवा जिप्समची पूड सरसात कालवून लेप देत, काही वेळा आधी लिननचे कापड चिकटवत, आणि त्यावर रंग. पुरुषाची कातडी गेरूच्या तांबूस रंगात, बाईची पिवडीच्या पिवळ्या रंगात, केस काळे, वस्त्र पांढरे. राजघराण्याचे काम असेल तर वर सोन्याचा वर्ख.

म्हणजे लाकूड दिसावे अशी कारागिराची इच्छाच नव्हती. आज आपण ज्या उघड्या लाकडाच्या पोतावर भाळतो, तो रंग गळून पडल्याचा परिणाम आहे. अपवाद काळ्या लाकडाच्या आणि काही सीडरच्या मूर्तींचा. तिथे लाकडाचा रंगच मिरवायचा असे, म्हणून फक्त डोळे, केस किंवा दागिने रंगवत. लेपाखाली काय आहे किंवा आता डोळ्यांना न दिसणारा रंग कुठे होता, हे शोधायला हल्ली एक चांगली युक्ती आहे. ‘इजिप्शियन निळा’ हा तांबे, चुना आणि वाळू भाजून केलेला कृत्रिम रंग साध्या प्रकाशात ठेवला की अवरक्त किरणे फेकतो. योग्य कॅमेऱ्यातून पाहिले की त्याचे कणसुद्धा चमकतात.

‘शेख अल-बलद’ म्हणून प्रसिद्ध असलेली मूर्ती कोणाची?

का-आपेर नावाच्या मुख्य पाठक-पुरोहिताची. 1860 च्या सुमारास ओग्युस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या मजुरांनी सक्कारा इथे वाळूतून ती बाहेर काढली आणि पाहताच ओरडले, हा तर आमचा शेख अल-बलद! म्हणजे गावचा पाटील. त्यांच्या गावच्या पाटलाचा चेहरा खरोखरच तसा होता म्हणे. नाव चिकटले ते कायमचे. मूर्ती सायकमोरची, 112 सेंटीमीटर उंच, इ.स.पू. 2500 च्या आसपासची. आज ती कैरोच्या ईजिप्शियन म्युझियममध्ये आहे.

हिच्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण लाकडात काय साधते ते इथे एकवटले आहे. गृहस्थ स्थूल आहे. पोट सुटलेले, गाल भरलेले, केस बारीक कापलेले, कमरेला गुडघ्याखाली जाणारे वस्त्र. त्या काळच्या बहुतेक दगडी पुतळ्यांत अधिकारी कायम तरुण आणि सडपातळ दिसतो. इथे वय आणि खाऊनपिऊन सुखी असलेले शरीर लपवलेले नाही. इजिप्तमध्ये लठ्ठपणा हा प्रतिष्ठेचाही संकेत होता, त्यामुळे ‘वास्तववादी’ हा शब्द जरा जपून वापरावा. पण हनुवटीखालची घडी आणि ओठांची ठेवण एखाद्या विशिष्ट माणसाकडे पाहिल्याशिवाय जमेल असे वाटत नाही.

हात वेगळे कोरून जोडलेले आहेत, डावा तर दोन तुकड्यांत. हातातली काठी आणि पायांचा खालचा भाग आधुनिक आहे, मूळचा नष्ट झाला होता. त्याच कबरीत एका स्त्रीच्या लाकडी मूर्तीचा वरचा भागही सापडला. तिला त्याची पत्नी मानतात. ती तितकीच देखणी आहे, पण तिच्या वाट्याला प्रसिद्धी आली नाही.

त्याचे डोळे इतके जिवंत का वाटतात?

ते वेगळे करून बसवलेले आहेत. पापण्यांच्या जागी तांब्याची कड, पांढऱ्या भागाला पांढरा दगड आणि बुबुळाला घासून चकचकीत केलेला स्फटिक. स्फटिकाच्या मागे गडद रंग असल्याने प्रकाश आत जाऊन परततो, आणि आपण बाजूला सरकलो तरी नजर आपल्या मागे येते असा भास होतो. जुन्या राज्यातल्या, म्हणजे पिरॅमिडांच्या काळातल्या, कारागिरांनी हे तंत्र ज्या उंचीला नेले, ती पुढे क्वचितच कोणाला गाठता आली.

सर्वांत जुन्या उत्तम नमुन्यांत काय पाहावे?

हेसी-रे याच्या फळ्या. हा जोसेर राजाच्या काळातला, म्हणजे सक्काराचा पायऱ्यांचा पिरॅमिड ज्याने बांधला त्या राजाचा अधिकारी. त्याच्या पदव्यांपैकी एकीचा अर्थ ‘दंतवैद्यांचा प्रमुख’ असा लावतात. कबरीतल्या 11 कोनाड्यांत लाकडी फळ्या होत्या, त्यांतल्या 6 आज उरल्या आहेत. त्यांवरचे कोरीवकाम उठावाचे, आणि उठाव अगदी थोडा. तरी गळ्याचे हाड, गुडघ्याची वाटी आणि ओठावरची बारीक मिशीसुद्धा स्पष्ट दिसते. खांद्यावर लेखणी आणि शाईचा संच अडकवलेला आहे.

डोक्यावर दोन हात उभे असलेली विचित्र मूर्ती कोणती?

होर राजाची. तेराव्या राजवंशातला हा राजा इतिहासात जवळपास अनोळखीच आहे. 1894 साली जाक द मॉर्गन यांना दहशूर इथे त्याची कबर सापडली आणि मूर्तीमुळे तो अमर झाला. डोक्यावरचे वर उचललेले दोन हात हे ‘का’ या चिन्हाचे रूप आहे. ‘का’ म्हणजे माणसाची जीवनशक्ती, जिला मृत्यूनंतरही अन्न लागते. मूर्ती लाकडी देव्हाऱ्यासह मिळाली. आज नग्न दिसत असली तरी मुळात तिच्यावर लेप आणि कमरेला वस्त्र होते.

कबरीत सापडणारी छोटी माणसे, गाई, नावा ही मुलांची खेळणी होती का?

नाही. ती मृताची तजवीज होती. भिंतीवर शेती, स्वयंपाक आणि मासेमारीची चित्रे काढण्याऐवजी किंवा त्यांच्या जोडीला, मध्य राज्याच्या (इ.स.पू. 2000 च्या आसपासच्या काळाच्या) सुमारास लाकडी देखावे ठेवण्याची रीत पडली. मृताला परलोकात भाकरी, बिअर, कापड आणि प्रवास कमी पडू नये, हा हेतू.

यातला सर्वांत मोठा ठेवा मेकेत्रे या वरिष्ठ अधिकाऱ्याचा. 1920 च्या मार्चमध्ये हर्बर्ट विनलॉक यांची न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची तुकडी थीब्जमध्ये (आजच्या लक्सरजवळ) त्याची कबर झाडूनपुसून काढत होती. कबर आधीच लुटलेली होती आणि दोनदा तपासलेली होती. फक्त नीट नकाशा काढायचा होता. तेवढ्यात दगडाच्या कपच्या एका भेगेत सरकून नाहीशा होताना दिसल्या. आत डोकावून विजेरीचा झोत टाकला, तर चोरांच्या हाती न लागलेली एक छोटी खोली आणि तिच्यात खच्चून भरलेले 24 लाकडी देखावे.

गुरांच्या मोजणीचा देखावा पावणेदोन मीटर लांब आहे. चार खांबांच्या ओसरीत मेकेत्रे बसलेला, शेजारी कारकून लिहीत आहेत, आणि समोरून गुराखी ठिपक्याठिपक्यांची जनावरे हाकत नेत आहेत. धान्याच्या कोठारात खरे धान्य होते. बागेतल्या हौदाला तांब्याचा पत्रा लावलेला आहे, म्हणजे त्यात पाणी राहू शकते. सुतारांच्या कामशाळेत एक जण खांबाला बांधलेली फळी चिरतो आहे. अवजारांच्या प्रश्नात जे सांगितले, त्यातले बरेच आपल्याला अशाच देखाव्यांमुळे कळते. डोक्यावर टोपली आणि हातात जिवंत बदक घेतलेल्या दोन स्त्रियांच्या मोठ्या मूर्तीही तिथेच मिळाल्या. वाटणीत एक कैरोला राहिली, दुसरी न्यूयॉर्कला गेली.

आणखी एक पाहावे असे: असिऊतच्या मेसेहती या प्रांताधिपतीच्या कबरीतले सैनिक. भाले-ढाली घेतलेले 40 इजिप्शियन आणि धनुष्ये घेतलेले 40 नुबियन. चेहरे, उंची, ढालींवरच्या गाईच्या कातड्याचे ठिपके, सगळ्यांत फरक ठेवला आहे.

नग्न मूर्ती का सापडतात? ती अश्लील मानत नसत का?

जुन्या राज्याच्या उत्तरार्धात काही पुरुष-अधिकाऱ्यांनी स्वतःच्या नग्न लाकडी मूर्ती कबरीत ठेवल्या. सेदमेंतला सापडलेल्या मेरीरे-हाश्तेफच्या मूर्ती प्रसिद्ध आहेत, त्यांतली एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मृत्यूनंतरचा नवा जन्म आणि तारुण्य यांच्याशी त्याचा संबंध लावतात. लांबट अंग, बारीक कंबर आणि मोठे डोळे ही त्या काळची खास शैली.

तूतनखामेनच्या कबरीत लाकूड किती होते? तिथे तर सगळे सोने होते ना?

मुखवटा आणि सर्वांत आतली शवपेटी सोन्याची. पण तिथले बरेचसे ‘सोने’ म्हणजे लाकडावरचा वर्ख. हॉवर्ड कार्टर यांना 1922 साली दफनगृहाच्या बंद दारापाशी जे दोन काळे रखवालदार भेटले, ते लाकडाचे, अंगाला काळी राळ आणि वस्त्राला सोने. काळा रंग इथे शोकाचा नाही. तो नाईलच्या गाळाचा आणि मृतांचा देव ओसायरिस याचा, म्हणजे पुन्हा उगवण्याचा रंग.

सगळ्यांत सुंदर काय, असे कोणी विचारले तर मी मुखवट्याआधी चार देवींचे नाव घेईन. राजाची आतडी वगैरे ज्यात ठेवली होती त्या सोनेरी देव्हाऱ्याच्या चार बाजूंना इसिस, नेफ्थिस, नेइथ आणि सेर्केत हात पसरून उभ्या आहेत. तोंड देव्हाऱ्याकडे, पण मान किंचित बाजूला वळवलेली, कोणी येत तर नाही ना हे पाहावे तशी. इजिप्शियन मूर्ती नाकासमोर पाहते, हा हजारो वर्षांचा दंडक इथे मोडला आहे. लाकूड आणि अमार्ना काळातली, म्हणजे अमार्ना ही अखेनातेन राजाची राजधानी होती तेव्हाची, मोकळी शैली, दोन्ही एकत्र आल्याशिवाय हे घडले नसते.

कबरीत 413 शाब्ती, म्हणजे परलोकात राजाच्या वतीने राबायच्या सेवकमूर्तीही होत्या. त्यांतल्या कितीतरी लाकडाच्या.

राणी तियेच्या छोट्या मस्तकाचे एवढे कौतुक कशासाठी?

अखेनातेनच्या या आईचे मस्तक मुकुटासह साडेबावीस सेंटीमीटर भरते, चेहरा तर मुठीएवढा. मेदिनेत अल-गुराबहून आलेले हे शिल्प बर्लिनच्या नॉयस म्युझियममध्ये आहे. चेहरा यू नावाच्या झाडाच्या लाकडाचा. हे झाड इजिप्तमध्ये होत नाही, म्हणजे लाकूड आयात केलेले. जड पापण्या, नाकापासून ओठांपर्यंत उतरलेल्या रेषा, खाली झुकलेले ओठांचे कोपरे. हिच्यासमोर नेफर्तितीचा तो जगप्रसिद्ध अर्धपुतळा मला जरा जास्तच गुळगुळीत वाटतो. पटले नाही तरी चालेल. दोन्ही एकाच इमारतीत आहेत, पाहून ठरवावे.

शिवाय हे मस्तक एकदा केले आणि तसेच राहिले असे नाही. आधी त्यावर चांदीचे शिरोवस्त्र आणि सोन्याची कर्णभूषणे होती. नंतर ती झाकून वर लिननची, निळ्या मण्यांनी मढवलेली टोपी चढवली आणि देवींसारखा शिंगे-पिसांचा मुकुट बसवला. क्ष-किरण आणि सीटी स्कॅनमध्ये आतला जुना साज दिसतो. पती तिसरा आमेनहोतेप वारल्यावर तिला देवीचा दर्जा मिळाला म्हणून हा बदल, असे एक मत आहे.

या शिल्पकारांची नावे माहीत आहेत का?

मोजकीच. बहुतेक काम सामूहिक होते, एक जण कोरी, दुसरा लेप देई, तिसरा रंगवी. तरी अमार्नाच्या हुया याच्या कबरीत युती नावाचा, राणी तियेच्या शिल्पकारांचा प्रमुख, राजकन्या बाकेतातेनच्या मूर्तीला रंग देताना दाखवला आहे. रेखमिरे या वजिराच्या थीब्जमधल्या कबरीतही सुतार आणि शिल्पकार कामात दिसतात, पण ते बिननावाचे.

साडेचार हजार वर्षे लाकूड टिकले कसे?

कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. वाळवंटाच्या कडेच्या खडकात खोदलेल्या कबरीत ती नसते. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात जमीन ओली, त्यामुळे तिथले लाकूड जवळपास सगळे गेले. म्हणजे आपल्या हाती आहे ते चित्र एकांगी आहे. खरी वैरीण वाळवी. बाहेरून लेप शाबूत आणि आत नुसता भुगा, अशाही मूर्ती सापडल्या आहेत.

सापडल्यानंतरचा धोका वेगळाच. कबरीतल्या हवेला सरावलेले लाकूड बाहेर काढले की आकसते, लेप मात्र आकसत नाही, आणि वर्ख पापुद्र्यांनी सुटू लागतो. कार्टर यांच्या तुकडीने त्यावर वितळवलेले पॅराफिन मेण ओतले. त्या वेळी त्याने वस्तू वाचल्या, पण पुढे ते मेण काळवंडले आणि काढत बसणे नंतरच्या संवर्धकांच्या नशिबी आले.

लाकूड कोणते आणि किती जुने, हे कसे कळते?

जात ओळखायला टाचणीच्या टोकाएवढ्या तुकड्याचे तीन दिशांनी पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना पाहतात. वयासाठी कार्बन-14. या पद्धतीच्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांत विलर्ड लिबी यांनी तपासलेल्या नमुन्यांत जोसेरच्या कबरीतल्या बाभळीच्या तुळईचा तुकडा होता. निष्कर्ष 1949 साली प्रसिद्ध झाले, पुढे 1960 साली लिबी यांना नोबेल मिळाले. मात्र ही पद्धत लाकूड कधी वाढले ते सांगते, मूर्ती कधी कोरली ते नाही. टंचाईच्या देशात जुन्या पेट्यांच्या फळ्या पुन्हा वापरणे नेहमीचेच होते, म्हणून शैली आणि लेखही पाहावे लागतात.

पोकळ मूर्तींत कागदपत्रे ठेवत, हे खरे का?

खरे. उत्तरकाळात, म्हणजे इ.स.पू. पहिल्या सहस्रकात, प्ताह-सोकर-ओसायरिस या संयुक्त देवाच्या लाकडी मूर्ती कबरीत ठेवत, आणि काहींच्या पोटात किंवा बैठकीत पपायरसची गुंडाळी असे. रीत त्याहून जुनी आहे. हुनेफेरचा ‘मृतांचा ग्रंथ’, ज्यात हृदय पिसाशी तोलतात ते सर्वपरिचित चित्र आहे, तो अशाच मूर्तीत सुरक्षित राहिला.

हे सगळे पाहायचे कुठे?

कैरोत. का-आपेर, हेसी-रे, होर आणि मेसेहतीचे सैनिक ही कैरोच्या जुन्या संग्रहालयाची मिळकत. तूतनखामेनचा ठेवा गिझाच्या ग्रँड ईजिप्शियन म्युझियममध्ये हलवला आहे. तेव्हा दोन्हींसाठी वेगळा दिवस ठेवा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन आणि बॉस्टनचे ललित कला संग्रहालय चुकवू नये. बॉस्टनला देर अल-बर्शाच्या जेहुतीनख्तच्या कबरीतल्या नावा आणि नैवेद्य नेणाऱ्यांची छोटी मिरवणूक आहे. भारतात जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये तुतू नावाच्या स्त्रीची ममी आणि लाकडी शवपेटी पाहता येते.

इजिप्तहून अशी जुनी मूर्ती विकत आणता येईल का?

नाही. 1983 च्या कायदा क्रमांक 117 नुसार तिथे पुराणवस्तूंचा व्यापार आणि त्या देशाबाहेर नेणे हा गुन्हा आहे. बाजारात कोणी हळूच कापडात गुंडाळलेली ‘खरी’ शाब्ती दाखवली, तर ती नवी असेल तर तुम्ही फसाल आणि जुनी असेल तर विमानतळावर अडकाल. दुकानातली नवी प्रतिकृती पावतीसकट घ्या आणि पावती सामानात हाताशी ठेवा.